पहिला घोट

वलवणच्या धरणाजवळ एका फ्रेंच बाईंनी बंगल्याच्या व्हरांड्यात सहा टेबलं मांडून छोटं हॉटेल काढलं होतं. आमच्या कारखान्याचे फ्रेंच साहेब रविवारी दुपारी मला तिथे जेवायला नेत. वाढायला जवळच्याच कुरवंडे गावचा एक माणूस होता. अंगात कडक पांढरा कोट आणि खाली पाय अनवाणी. ताट ठेवताना प्रत्येकाला तो "निवांत जेवा" म्हणायचा, साहेबांनाही मराठीतच.

वाइन ओतायची त्याची रीत मात्र मला कळेना. ओतून झाली की साहेबांच्या ग्लासातले चार थेंब तो आधी क्रोटनच्या कुंडीत सांडायचा. मला वाटे, ही फ्रेंचांची पद्धत असेल. साहेबांना वाटे, आमची.

माझी पंचाईत वेगळीच होती. दारूला शिवणार नाही असा आईला शब्द दिलेला, आणि साहेबांनी हौसेनं माझंही दारूचं परमिट काढून आणलेलं. त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी ग्लासला नुसता हात लावून बसायचो. पण साहेब धरणाकडे बघायला लागले, की तो वाढणारा माझा अख्खा ग्लास उचलून कुंडीत रिकामा करायचा.

एकदा मी त्याला पायरीवर गाठलं. "भाऊ, साहेबांचे चार थेंब आणि माझा सगळा ग्लास, असं का?"

"पयला घोट डोंगरातल्या देवाचा. उरल्यालं सायेब पित्यात. तुमी समदंच देत व्हता, म्या फकस्त वतलं."

घरी मी देवापुढे हातसुद्धा जोडत नाही. पुढच्या रविवारी मात्र त्या कुंडीसमोर माझी मान खाली गेली. लाजेनं, की आणखी कशानं, ते आजवर कळलेलं नाही.