पडीक म्हणणारा पक्ष

हरसूलच्या बाजारात नव्या पक्षाचा टेंपो पहिल्यांदा आला, तेव्हा पुतळाबाई वरईची पाटी मांडून बसली होती. कर्णा ओरडत होता, "जंगल वाचवा, धरती वाचवा." पुतळाबाईनं शेजारच्या कमळाबाईला विचारलं, "कुणापासून वाचवायचं गं?"

कमळाबाईला हसू आलं. पुतळाबाईला आलं नाही, आणि त्याला कारण होतं.

टेकडीच्या उतारावर तिचा प्लॉट. सासऱ्यानं दगड वेचून केलेला, पण सरकारी कागदावर जंगल. लेक राजू अंगावर पीत होता तेव्हा फॉरेस्टवाले आले, गोड बोलले आणि नागलीच्या रानात सागाची रोपं लावून गेले. पुढच्या साली तेच म्हणाले, हे तर आमचं लावलेलं जंगल, तुमची शेती कुठंय इथं? अर्धी जमीन तिथंच गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी ती लाल झेंड्यामागं मोर्च्यात चालली, पायाची सालटी निघाली, वनहक्काचा दावा टाकला, आणि दावा कचेरीत जाऊन निजला. तेव्हापासून ही बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायची. कुणाच्या हातात रोप दिसलं की ती आधी आपला बांध गाठायची. शहरातल्या माणसाला हे सांगून कळत नाही. झाड लावणं म्हणजे पुण्य, एवढंच बिचाऱ्याला शाळेत शिकवलेलं.

आणि हा पक्ष शिरला कुठून, तर तिच्याच घरातून. तिचा राजू निफाडला द्राक्षबागेत कामाला जायचा. फवारणी करणाऱ्या मजुरांना तोंडाला बांधायला धड फडकं मिळत नव्हतं, म्हणून हा हरित श्रमिक पक्ष तिथं बागायतदारांशी भांडला. मास्क मिळाले, हातमोजे मिळाले. खोटं कशाला बोला, काम चांगलंच होतं. राजू भाळला. पण घरी आल्यावर गडी मजुरीपेक्षा पृथ्वीच्या तापाचंच जास्त बोलायला लागला.

गावात ज्याचं त्याचं मत. जयराम दुकानदार म्हणे, "झाडवाले म्हणजे फॉरेस्टवाल्यांचेच मेहुणे." कमळाबाई म्हणे, "शहरातली झाडं तोडून झाली, आता आपल्याकडं लावायला आलेत." तरणी पोरं म्हणत, गरिबाचं बोलतात, बघू तरी. पण सगळे पुतळाबाईच्या तोंडाकडं बघत, कारण मोर्च्यात शेवटपर्यंत चाललेली तीच. ती एवढंच म्हणे, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

एक दिवस ती माहेरी दहाव्याला गेली. राजूनं ती संधी साधली. पक्षाच्या उमेदवार तृप्तीताईंना नाशिकहून बोलावलं आणि मोठ्या मनानं आईच्या प्लॉटात त्यांच्या हातून करंजाचं रोप लावून घेतलं. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. फोटो निघाला. तृप्तीताईंनी तो पक्षाच्या नावानं मोबाइलवर टाकला आणि वर लिहिलं, 'पडीक वनजमिनीवर पक्षाची पहिली सावली.'

पडीक! नागलीची रोपं वाफ्यात होती, लावणी तोंडावर आलेली, म्हणून रान उघडं दिसत होतं. अहो, नांगरट दिसत नाही का डोळ्यांना?

पुतळाबाई परतली. प्लॉटात रोप दिसलं. तिनं ते उपटलं, बांधावर फेकलं आणि राजूला गावभर फिरलेल्या फोटोवरचं वाचायला लावलं. 'पडीक' म्हणताना राजूची जीभ अडखळली. दाव्याची पाहणी चार दिवसांवर होती, आणि तिथं एवढंच दाखवायचं होतं की इथं शेती होते.

"फॉरेस्टवाल्यांना जे म्हणू दिलं नाय, ते तू लिहून घेतलंस," ती म्हणाली आणि जमिनीवर बसून रडली. राजूला तिच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तृप्तीताई धावत आल्या. फोटो काढून टाकला होता. "मावशी, चूक झाली माझी. मला माहीत नव्हतं."

"तू पुसलंस. ज्यांनी बघितलं त्यांचं काय?"

"मी काय करू, तुम्ही सांगा."

"पाहणीला ये. साहेबापुढं सांग, पडीक नाय म्हणून."

"येते," त्या म्हणाल्या. निवडणूक डोक्यावर, ही कशाला येते, असं जयराम दुकानात बसून सगळ्यांना सांगत होता. पुतळाबाईचंही मत तेच होतं.

पण बाई आली. पाहणीला आलेल्या साहेबांच्या मोबाइलमध्ये तो फोटो आधीच येऊन पडला होता, कुणीतरी आपुलकीनं धाडलेला. त्यांनी तो दाखवला तशा तृप्तीताई पुढं झाल्या. "तो शब्द माझा आहे, साहेब, आणि तो खोटा आहे. इथं शेती आहे."

"तोंडी कसं चालेल? फोटो पक्षाच्या नावानं आलाय. पक्षाच्या लेटरहेडवर लिहून द्या, दाव्याला जोडतो."

तृप्तीताई बाजूला जाऊन पक्षातल्या वरच्यांशी फोनवर बोलू लागल्या. पण उतारावर आवाज लपत नाही. "सर, चूक आपली आहे... निवडणूक असली म्हणून काय झालं?... अहो, त्यांची जमीन जाईल." "म्हणजे लेटरहेड देणार नाही?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. परत आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता. राजूकडून कोरा कागद मागून घेतला, गुडघ्यावर ठेवून लिहिला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि सही केली.

साहेबांनी कागद वाचला. "हा तुमचा झाला, पक्षाचा नाही. जोडतो. वर किती धरतात, बघू." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

बांधावर अख्खं गाव उभं होतं. जयरामला राहवलं नाही. "काय पुतळाबाई, कसा काय वाटला पक्ष?"

पुतळाबाईनं आधी तृप्तीचा हात धरला. "उन्हाची आलीस पोरी, भाकर खाऊन जा," म्हणाली. मग राजूकडं बघितलं, आणि उत्तर मात्र जयरामला दिलं.

"बाई आली. पक्ष काय आला नाय."