ओला की सुका

पुराचं पाणी आमच्या कासारवाडीच्या घरातून ओसरलं, तेव्हा दाराबाहेर ढीग लागला होता: गाद्या, गोधड्या, फुगलेलं कपाट, तांदळाची कोठी आणि सगळ्यावर गटाराचा काळा गाळ. तिसऱ्या दिवशी घंटागाडी आली. गाडीवाला खाली न उतरताच आईला म्हणाला, "मावशी, ओला-सुका वेगळा करून ठेवा. मिक्स कचरा घेत नाही."

अरे शहाण्या, पुरातून काढलेल्या गादीत सुकं काय असतं? मी असतो तर तिथेच झापला असता. पण मी चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम. आई म्हणजे गाडीवाल्यालाही साहेब मानणारी. संध्याकाळी घरी आलो तर ती अनवाणी, उघड्या हातांनी गाळ उपसत बसलेली. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला सडका तांदूळ. तांदळात मेलेला उंदीर निघाला होता.

"उंदीर ओल्यात टाकायचा का रे?" तिने खरंच विचारलं.

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते. कंपनीत तेलाचं फडकं उचलायचं तरी हातमोजे लागतात, नाहीतर सुपरवायझर सगळ्यांसमोर इज्जत काढतो. माझ्या बॅगेत मोज्यांचा कोरा जोड होता. तो तिला द्यायचं मला सुचलं नाही.

गाडी पुन्हा फिरकली नाही. दहा दिवसांनी आईला ताप भरला, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, लेप्टो. उंदराच्या मुतातून होतो, पायाला भेग असली तरी पुरते. तिच्या टाचा तर भेगांनी भरलेल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट महापालिकेला कळवला आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीत जेसीबी, डंपर, पावडर मारणारी माणसं. वा रे वा! इतके दिवस कुठे मेले होते? आईने निवडून ठेवलेले दोन्ही ढीग जेसीबीने एकत्रच उचलले आणि एकाच डंपरमध्ये ओतले. ओला कुठला, सुका कुठला, कोणी विचारलंही नाही.

दवाखान्यात आईने विचारलं, "नेला का रे कचरा?"

"नेला."

"वेगळा वेगळाच दिलास ना?"

"हो," मी म्हणालो. माझ्याशी ती शेवटचं बोलली ते एवढंच.