बाळंतिणीची खोली

आमच्या लातूरच्या घरावर ‘मुलींना खोल्या भाड्याने मिळतील’ अशी पाटी होती. ती खोटी होती. मी आरती, त्याच घरची मुलगी, हे सांगते आहे.

भूकंपात गावाकडचं घर बसलं आणि आम्ही लातूरला आलो. पुढे इथं क्लासेसचं पेव फुटलं, तसा बाबांनी वर मजला चढवला. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली राहू लागल्या.

त्या जूनमध्ये उदगीरहून तहसीन आली. सोबत तिचे वडील आणि पत्र्याची पेटी. नाव विचारेपर्यंत बाबा गोड बोलत होते. नाव ऐकलं आणि म्हणाले, “जागा भरली.” वरच्या खोल्या रिकाम्या होत्या, मीच सकाळी झाडल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे वडील पाटीकडे बघत उभे राहिले, तेव्हा बाबांनी वर हेही जोडलं, “आमची आई जुनं माणूस हाय. तिला चालत न्हाई.”

आई म्हणजे माझी आजी, साखराबाई. ती आत शेंगा फोडत होती.

तहसीन हळूच म्हणाली, “पर दादीनेच भेजा. बोली, लातूर में साखरा के घर जा, वहाँ डर नहीं. जैनबी बोलके बता.”

आजी पदरातल्या शेंगा तशाच सांडून बाहेर आली. “मला चालत न्हाई? मला?” तिचा आवाज इतका चढला की शेजारचे दारात आले. “वैजनाथ, आज ऐक. भावकीच्या भ्यानं आजवर गप होते, आता कुणाला भिऊ?”

पोलीस ॲक्शन झाली त्या वेळची गोष्ट तिनं भर दारात सांगितली. रझाकारांनी गावाला छळलं होतं, हे तिनं लपवलं नाही. आमचे आजोबा आणि सासरची बाकी मंडळी तेव्हा रझाकारांच्या भीतीनं संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे पळून गेली होती, अजून परतली नव्हती. घरात आजी, तिची सासू आणि नुकतं जन्मलेलं पोर. निजामाचं राज्य गेलं आणि रझाकारांचा सूड घ्यायला परगावची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. सूड कुणावर, तर शेजारच्या जैनबीवर. तिचा नवरा पिंजारी, गावाच्या गाद्या भरणारा. त्यानं कधी काठीही उगारली नव्हती. तो उदगीरला गेलेला, आणि ही नवी नवरी घरात एकटी.

आजीनं तिला परसातून आत ओढलं. स्वतःचं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं, डोकं फडक्यानं बांधलं आणि आपल्याच बाजेवर निजवलं. बाजेखाली शेगडी, धुरात वावडिंग. कुशीत पोर दिलं. आणि कच्ची बाळंतीण असून आजी स्वतः दारात उभी राहिली.

“जाऊ बाळंत झालीय. पाचवी व्हायची हाय. सोयर चालत असंल तर या आत!” ती म्हणाली.

माणसं मारायला निघालेल्यांना बाळंतिणीचा विटाळ नको होता. ते उंबऱ्याशीच थबकले.

पण पोर रडायला लागलं. दूध होतं ते दारात उभ्या असलेल्या बाईला! रडणं ऐकून आजीला पान्हा फुटला, चोळी भिजली. तिनं पदर घट्ट आवळून धरला. “बाळंतीण पोराला घेत का न्हाई?” एकानं विचारलं. मूलच न झालेल्या जैनबीनं पोराला छातीशी लावलं.

“थेंबभर दूध नव्हतं तिला,” आजी बाबांकडे बोट रोखून म्हणाली. “तरी तू गप झालास. ते जाईस्तवर गप राहिलास. पाच दिवसांचाबी नव्हतास, तव्हा तुला जास्त अक्कल होती. आन् आज माझं नाव सांगून जैनबीच्या नातीला दार लावतोस?”

तहसीनचे वडील मान खाली घालून रडत होते. मला रडू आलं नाही. मला नुसता राग आला होता, बाबांचा, पाटीचा, आणि आजीला एवढी वर्षं गप बसवणाऱ्या आमच्या भावकीचा.

“वरची खोली देतो,” बाबा कसंबसं म्हणाले.

“तुझी खोली नको. ही माझ्या खोलीत राहील.” आजीनं तहसीनचा हात धरून तिला आत नेलं आणि आपल्या कॉटवर बसवलं.

बाबांनी पत्र्याची पेटी उचलली आणि मागोमाग निघाले.

“उंबऱ्यावर ठेव,” आजी आतून म्हणाली. “आत यायचं न्हाई.”