नारळ मागे घेणाऱ्या अक्का

प्रा. इंदिराअक्का रणनवरे यांची आणि माझी पहिली भेट बंगळुरात, येलहंक्यातल्या त्यांच्या घराच्या फाटकात झाली. तो आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस होता. के. आर. पुरमच्या एका कॉलेजात मी नुकताच इतिहास शिकवू लागलो होतो आणि संशोधनासाठी मार्गदर्शन मागायला गेलो होतो. शेजाऱ्यांच्या गाडीपुढे कुंकू भरलेला कोहळा फोडला गेला आणि रस्ता लाल झाला. अक्कांनी मला तिथेच थांबवले.

"तुम्ही आजच जहाजातून उतरलात असं समजा. काय दिसलं?"

"कोहळा फोडला. दृष्ट काढली."

"हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून. डोळ्यांना काय दिसलं?"

मी चाचरत म्हणालो, "काहीतरी फोडलं, आणि आतून लाल सांडलं."

"सरी! बरोबर. आता आत या. चहा घेऊ."

अक्कांचे आयुष्यभराचे काम या एका प्रश्नावर उभे आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातले प्रवासी आणि पाद्री जगभर फिरले. कोणते लोक देवाला काय वाहतात, कशाचा बळी देतात, हे त्यांनी अधाशासारखे लिहून ठेवले. मेक्सिको, पेरू, प्राचीन रोम आणि आपला दक्षिण किनारा एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी बसवले. एवढे कुतूहल का? अक्का सांगतात, त्यांच्याच घरात तेव्हा वाद पेटला होता. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात तो खरा यज्ञ, की येशूच्या बलिदानाची नुसती आठवण? "स्वतःच्या देवघरातलं भांडण डोळ्यांत घेऊन ते दुसऱ्यांच्या देवळात शिरले," असे त्या म्हणतात.

ते ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून अक्का शहरातल्या एका वृद्ध पाद्र्यांकडे लॅटिन शिकल्या. नैवेद्य, आहुती, उतारा, बळी या सगळ्यांना तिकडे बहुधा एकच शब्द. आम्ही विद्यार्थीही घाईत सगळीकडे 'बळी' लिहीत असू. मग अक्का विचारत, "सत्यनारायणाला शिऱ्याचा बळी दिला, असं लिहाल का?"

त्यांना खरी लोकप्रियता मिळाली ती नारळाने. एका प्रवासवर्णनात चित्र होते: पुजारी देवीपुढे माणसाचे मस्तक धरून उभा आहे, मस्तकावर केसांचा झुबका. अक्कांनी मांडले की हा नारळ आहे. नारळाला शेंडी असते, डोळे असतात. कुणीतरी तसे वर्णन करून सांगितले आणि पाहुण्याने ते माणसाचे मस्तकच समजले. गोऱ्यांची अशी फजिती ऐकून सभागृहे हसत. मलाही फार बरे वाटले होते. मी रोज पूजा करून घराबाहेर पडणारा माणूस. माझ्या जतकडच्या गावात देवीला बोकड देतात, हे मी शहरात कुणापुढे काढत नसे. त्या नारळाने जणू माझी देवीच निर्दोष सुटली होती.

अक्कांचे पुस्तक छपाईला जायच्या बेतात होते, आणि आमच्या मराठी मंडळाने याच प्रकरणावर त्यांचे व्याख्यान ठेवले होते. नेमक्या त्या सुमारास त्यांना त्याच प्रवासवर्णनाची जुनी, चित्रे नसलेली आवृत्ती वाचायला मिळाली. तिच्यात दुसऱ्या एका पानावर त्या प्रवाशाने नारळाचे वर्णन केले होते: शेंडी, करवंटी, आतले गोड पाणी, सगळे बिनचूक. तो नारळ ओळखत होता. देवीपुढे त्याने लिहिले होते ते बोकडाचे डोके. माणसाचे मस्तक काढले ते पुढच्या आवृत्तीच्या चित्रकाराने, जो घर सोडून कधी कुठे गेलाच नव्हता.

व्याख्यानाला सभागृह भरले होते. अक्कांनी हे सगळे जसेच्या तसे सांगितले आणि म्हणाल्या, "ते प्रकरण मी पुस्तकातून काढते आहे. माझा नारळ मी मागे घेते."

समोरून एक गृहस्थ उठले. "अक्का, आपल्याच देवीची बदनामी कशाला? नारळच राहू द्या ना. स्वल्प अॅडजस्ट करा!"

लोक हसले. अक्काही हसल्या. "त्या चित्रकाराला रक्त हवं होतं, अण्णा. मला नारळ हवा होता. ते पान दोघांनीही नीट वाचलं नाही."

टाळ्या थोड्या पडल्या. ज्या प्रकरणाने त्यांना एवढे प्रेम दिले, ते त्यांनी सर्वांसमोर उतरवून ठेवले होते. मी थक्क होऊन पाहत राहिलो. परतीच्या वाटेवर मी त्यांना प्रथमच आमच्या गावच्या बोकडाविषयी सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "मला न्याल?"

गावच्या जत्रेत अक्का माझ्या आईशेजारी अनवाणी उभ्या राहिल्या. बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडले. आमच्याकडे बोकडाने अंग झाडले की देवीचा कौल मिळाला असे मानतात. तोवर त्याला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी बोकड ढिम्म उभा होता. पुजारी, वाजंत्री, सारा गाव हात जोडून थांबला. ऊन चढले. अक्का आईच्या कानाशी म्हणाल्या, "आणि नाहीच झाडलं तर?"

आई म्हणाली, "मग न्हाई. तिला नकोय म्हनायचं."

अक्कांचे डोळे भरून आले. त्या प्रवाशाच्या वर्णनात एक वाक्य होते, ज्याचा अर्थ त्यांना कधी लागला नव्हता: 'जनावरावर पाणी टाकून हे लोक रिकामे उभे राहतात.' ते रिकामे नव्हते. ते विचारत होते. नारळाच्या जागी आज पुस्तकात जे प्रकरण आहे, ते या थांबण्याविषयी आहे. त्या दिवशी बोकडाने अंग झाडले नाही. तो अजून देवीच्या नावाने गावात हिंडतो आणि कुणाच्याही परसात खुशाल चरतो.

आता अक्कांनी पंच्याहत्तरी गाठली आहे. पुष्कळ पाने अजून नीट वाचायची राहिली आहेत. तेवढी दृष्टी, तेवढे बळ आणि त्यासाठी लागेल तेवढे आयुष्य देवीने त्यांना द्यावे. यंदाच्या जत्रेत अक्कांच्या नावाने मी देवीपुढे ठेवणार आहे तो, पुढच्या अभ्यासकांना शंका राहू नये म्हणून लिहून ठेवतो, शेंडीसकट आणि डोळ्यांसकट नारळच असेल.