तेल म्हणजे कुठलं तेल?

लालबागेत चैत्राच्या तोंडावर वाऱ्यालाही तिखट चढतं. मसाला कांडपाच्या गिरण्या सकाळपासून ठोके देत असतात, भाजलेल्या मिरच्यांची धग डोळ्यांत चुरचुरते आणि त्या धगीखाली धणे, दगडफूल, खसखस यांचा खोल, उबदार परिमळ रस्ताभर रेंगाळत राहतो. आम्हा इथल्यांची नाकं त्या परिमळाला इतकी सरावलेली, की दुसरा कुठला वास आला तरी आम्ही तो मसाल्याच्याच अंगावर ढकलून मोकळे होतो. म्हणूनच त्या रविवारी अप्पांना शेजारी बसवून मी जीप परळच्या पुलावरून आणत होते, तेव्हा आलेला करपट वास मला बराच वेळ कुणाच्या तरी कढईतला वाटला. अप्पांना मात्र तो तत्काळ कळला. ‘गाडी बाजूक घे गो,’ ते म्हणाले, ‘ह्यो मसाल्याचो वास नाय.’ उतरून पाहिलं, तर पुढच्या दोन्ही चाकांतून धुराची बारीक रेघ वर चालली होती. पेडलवरून पाय मी कधीच काढला होता, पण ब्रेक चाकं धरून बसले होते. शेवटी गाडी ओढून घरी आणावी लागली.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ते कापडगिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर एका कंत्राटदाराची जीप चालवू लागले, आणि कंत्राटदाराने आपला पसारा आवरला तेव्हा ती जीप त्याने अप्पांच्याच हवाली केली. दगडखाणींचे चढउतार तुडवलेली ती गाडी आमच्या चाळीच्या पटांगणात आली, तेव्हा तिचा तळ गंजाने इतका खाल्लेला होता, की आत बसून खालची जमीन दिसे. गेली सहा वर्षं दर रविवारी आम्ही तिला हळूहळू माणसांत आणतो आहोत. पत्रा घासून लाल भुकटी झाडायची, अस्तर द्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. सीटची कव्हरं मी आईच्या शिलाई मशीनवर शिवली, जाड कापडाने दोन सुया मोडल्या. गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा आहे, तो ओढला की मागच्या दोन चाकांच्या जोडीला पुढचीही दोन जोर लावू लागतात. लालबाग ते दादर या सपाट डांबरावर त्याचा उपयोग काय? काहीच नाही! तरी महिन्यातून एकदा अप्पा गाडी पटांगणाच्या कोपऱ्यातल्या मातीत नेऊन तो दांडा ओढतात. न वापरला तर जाम होतो, म्हणतात.

पण खरं सांगू का तुम्हाला? मला काळजी गाडीची नसतेच, अप्पांची असते. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षभरात एकदा दूध गॅसवर विसरले, एकदा आत्याला फोन करून दहा मिनिटांनी तोच फोन पुन्हा केला. एवढंच. असं कुणाचं होत नाही? पण भीती एकदा मनात घर करून बसली की तिला पुरावा फारसा लागत नाही. मी त्यांच्या मागेमागे फिरू लागले. गॅसचं बटण पाहायचं, गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करायचं, त्यांनी आवळलेला नट त्यांची पाठ वळताच पान्याने पुन्हा चाचपायचा. नट नेहमी घट्टच असे. त्यांना हे सारं दिसत असणार.

काळाचौकीचे मेकॅनिक इस्माईलभाई पटांगणातच आले. त्यांनी ब्रेक ऑईलच्या डबीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. मग मास्टर सिलिंडर उतरवून त्यातलं रबरी वॉशर तळहातावर ठेवलं. भिजत घातलेल्या चण्यासारखं ते टम्म फुगलं होतं. ‘ताई, इसमें इंजिन का ऑईल डाला है किसीने,’ ते म्हणाले. ‘आठ-दस दिन में रबर फूल गया. ब्रेक ऑईल तो ऑईल होताच नहीं, नाम ही गलत है.’ काय विपरीत आहे पाहा! अख्खी मुंबई ज्याला ब्रेक ऑईल म्हणते ते मुळी तेल नाहीच, आणि खरं तेल त्यात मिसळलं तर चाकांचा गळा धरतं.

आमच्या घरात तर हा घोटाळा आणखी जुना. अप्पांच्या गिरणीच्या भाषेत डब्यातून ओततात ते सगळं तेल. इंजिनमधलं तेल, गिअरमधलं तेल, ब्रेकमधलं तेल. नुसतं ‘तेल’ म्हटलं की कुठलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि त्यांचा हात कधी चुकत नसे. आता चुकला, असं माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. फळीवरच्या बाटल्यांना दुसरं कोण हात लावतं? ज्याची वर्षभर धास्ती घेतली होती ते शेवटी समोर येऊन उभं राहिलं होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या भयात एक चोरटं समाधानही होतं, की माझी शंका खरी ठरली. ‘अप्पा, हे तुम्ही घातलंत का हो?’ मी विचारलं, लहान मुलाला विचारावं तशा मऊ आवाजात. त्यांनी ते फुगलेलं रबर उचलून बोटांनी दाबून पाहिलं. मग म्हणाले, ‘मीच असणार. दुसरा कोण हात लावता गाडीक?’

त्यांनी वाद घातला असता, माझ्यावर खेकसले असते, तर किती बरं झालं असतं! पण त्यांनी ते निमूटपणे मान्य केलं, आणि त्या दिवसापासून घर बदललं. अप्पा पटांगणात उतरेनात. गोळ्यांचा डबा त्यांनी आपणहून माझ्या हाती दिला. चहा टाकायला उठत आणि गॅसपाशी जाऊन मला हाक मारत. मला हवी होती तेवढी सावधगिरी आता घरात होती, आणि माझा जीव मात्र पूर्वीपेक्षा जास्त टांगणीला लागला होता. खुर्चीत बसलेल्या अप्पांकडे मी ऑफिसला निघता निघता पाही, तर ते स्वतःचे हात उलटसुलट करून निरखत असत.

गुरुवारी इस्माईलभाईंनी नव्या रबर किटसाठी गाडीच्या चॅसी नंबरच्या पट्टीचा फोटो मागितला. तो अप्पांनी मला कधीतरी पाठवला होता, म्हणून ऑफिसात बसल्या बसल्या मी आमच्या दोघांचे जुने मेसेज वर सरकवू लागले. आणि तिथे माझाच एक मेसेज होता, दोन आठवड्यांपूर्वीचा. ‘घातलं तेल. निघते.’ खाली अप्पांचे जोडलेले हात, जे ते सगळ्यालाच पाठवतात. तारीख मी पुन्हा पाहिली. अप्पा तेव्हा डोंबिवलीला माझ्या भावाकडे होते. रोज सकाळी गाडी पाच मिनिटं चालू ठेव, असं मला बजावून गेले होते. ब्रेकचं पेडल जरा खाली जातंय, असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, ‘थोडा तेल घाल.’ खांद्याला पर्स, घड्याळाकडे डोळे, आणि मी फळीवरची पहिली बाटली उचलून ब्रेकच्या डबीत ओतली होती. तेल म्हणजे तेल! आणि मग तो सगळा प्रसंगच साफ विसरून गेले. विसरले ती मी, आणि वर्षभर पाळत ठेवली ती त्यांच्यावर!

त्या दिवशी हाफ डे टाकून घरी आले. चपला न काढता त्यांच्यापुढे फोन धरला, तारीख दाखवली, मेसेज मोठ्याने वाचला. ‘अप्पा, मी घातलं होतं. तुम्ही तर इथे नव्हतातच. माझी चूक आहे, मला माफ करा.’ मला वाटलं होतं, ते हसतील, ‘ऑफिसात पण अशीच कामा करतंस काय?’ म्हणून माझी फिरकी घेतील. त्यांनी चष्मा लावून तो मेसेज दोनदा वाचला. मग फोन माझ्या हातात परत देत, माझीच समजूत घालावी अशा सुरात म्हणाले, ‘तू घातलंस ता खरा गो. पण डोंबिवलीवरून इल्यावर मीही परत घातलंय असतलंय.’

आता जीप पुन्हा धावते. नवं रबर, नवे लायनर, ब्रेक लोण्यासारखे लागतात. अप्पाही पटांगणात उतरू लागले आहेत. फक्त कुठलीही बाटली उघडण्याआधी ते ती हातात उंच धरून खालून मला हाक मारतात, ‘बघ गो, हीच ना?’ मी हातातलं काम टाकून गॅलरीत येते, वाकून पाहते आणि हो म्हणते. मग ते झाकण फिरवतात. आजवर एकदाही त्यांनी चुकीची बाटली उचललेली नाही.