माळ्यावरचा उंदीर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या सासुरवाडीचे नाही, म्हणून असेल.

सासुरवाडी माकणीची. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, धोंड्याच्या जेवणाला गेलो होतो. त्या महिन्यात जावयाला देवाचा मान — आणि मान मिळाला की माझी अक्कल चरायला जाते. स्वयंपाकघरातला बल्ब लुकलुकत होता. सासूबाई वायरमनला बोलवायला निघाल्या, तर मी म्हणालो, "कशाला? मी बघतो की!" वास्तविक मी धाराशिवला कापडाच्या दुकानात. बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच माझं विजेचं ज्ञान.

तरी माळ्यावर चढलो. सासूबाईंनी आठवणीनं मेन बंद केला, म्हणून आज हे सांगायला आहे. मोबाइलच्या उजेडात काय दिसलं? धडधाकट वायर. ना जळलेली, ना सोललेली. "काही सापडलं नाही" म्हणून उतरायला काय हरकत होती? पण जावई — रिकाम्या हातानं? तेवढ्यात पाय घसरला. आधाराला जे धरलं, ती वायरच होती. तटकन तुटली.

खाली सगळं घर माना वर करून उभं. आणि मी — कसं सांगू — तुटकी टोकं तोंडात घातली आणि दातांनी कुरतडली. हो, दातांनी. मग वरूनच जाहीर केलं : उंदीर! पुरावा म्हणून एक तुकडाही खाली टाकला.

बायको तो न्याहाळत म्हणाली, "उंदीर लई मोठा दिसतोय."

मी टोकं पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. मेन लावला, तर बल्ब पुन्हा लुकलुकायला लागला! गुपचूप होल्डरमध्ये जरा घट्ट फिरवला, तेव्हा थांबला. सगळ्यांनी जावईबापूंचं कोण कौतुक केलं.

सासूबाई तेवढ्या माळ्याकडं बघत होत्या. उन्हाळ्यात गहू भिजवून, चीक शिजवून, हात भरून येईस्तोवर सोऱ्या दाबून केलेल्या वर्षाच्या कुरडया तिथंच पाट्यांत, फडक्याखाली ठेवलेल्या होत्या.

"उंदरं फिरल्याली कुरडई लेकराबाळांस्नी कशी घालू?" म्हणाल्या, आणि सगळ्या पाट्या म्हशीपुढं रित्या केल्या. मी शेजारीच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर? नाही बोललो. म्हैस कुडुमकुडुम खात होती. मला लाज वाटत होती, खरंच वाटत होती.

दुपारी पंगत बसली. कुरडया कुणाच्याच पानात नव्हत्या. फक्त माझ्या पानात होत्या.

"झाकणाच्या डब्यातल्या हायेत, जावईबापू," सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या. "उंदराचा दात लागला न्हाय. तुमी खावा निवांत."

मी खाल्ल्या. सगळ्या.