तेलातले नव्वद ग्रॅम

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक भाव करतं, तेलाच्या दुकानात ते हिशोब शिकवतं! लग्न होऊन भोकरदनहून तीर्थपुरीला आले, सासऱ्यांच्या घाण्याच्या तेलाच्या दुकानात बसायला लागले आणि बघता बघता माझ्याकडे किश्श्यांचा डबाच भरला.

गोष्ट एवढीच आहे की एक लिटर तेल भरतं नऊशे दहा ग्रॅम. पण हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. माझे सासरे, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षं एकाच धास्तीत जगले. भर बाजारात कुणी "अण्णा काटा मारतो" म्हणालं, तर कमावलेलं नाव गेलं!

*

माझा पहिलाच आठवडा. एक काका पाण्याची लिटरची बाटली घेऊन आले. "किलोभर करडी द्या." बाटली गळ्यापर्यंत भरली, तरी किलो काही होईना. माझ्या हातातल्या मापात थोडं तेल उरलं.

"काका, दुसरी बाटली आहे का?"

"न्हाई. पण सोडायचं कशाला?" त्यांनी ओंजळ पुढं केली आणि उरलेलं तेल टाळूला, कानाला, दोन्ही कोपरांना चोळलं. मग चकाकत एसटी पकडायला गेले.

*

रोजची कटकट नको म्हणून आमच्या ह्यांनी बोर्ड लावला. 'एक लिटर म्हणजे नऊशे दहा ग्रॅम.' मोठ्ठ्या अक्षरात!

दुसऱ्याच दिवशी एका आजोबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग काउंटरमागं वाकून बघत म्हणाले, "अन् राह्यलेले नव्वद ग्रॅम कुठं ठेवता?"

बोर्ड संध्याकाळी उतरला.

*

रशीदभाई आमच्या भागातले नावाजलेले आचारी. एका लग्नात त्यांनी पंधरा लिटरचा डबा मागवला, आमच्याकडून गेला पंधरा किलोचा. म्हणजे तेल दीड लिटर जास्तच! मला वाटलं, खूश होतील. तर तणतणत आले.

"तेल उरलं म्हणून पुऱ्या जास्त तळल्या. पुऱ्या उरल्या म्हणून नवरीच्या बापानं अजून पन्नास माणसं बोलावली. मंग भात कमी पडला! बिलकुल तुमच्या डब्यानं इज्जत घालवली माझी!"

अण्णांनी माफी मागितली. कशाची, ते त्यांनाही कळलं नाही.

*

माझ्या नणंदेनं संभाजीनगरहून फोन केला. मोबाइलवर बघून केक करत होती. "अण्णा, दोनशे मिली तेल म्हणजे किती ग्रॅम हो?"

चाळीस वर्षं तेल मोजणारा माणूस ठसक्यात म्हणाला, "ग्रॅमच्या नादी लागू नको. पळी-पळीनं घाल. कडेनं तेल सुटायला लागलं की बास!"

केक मसालेदार नव्हता, एवढंच जावई सांगतात.

*

आणि एका बाजाराच्या दिवशी, अण्णा ज्याला भीत होते तेच झालं. सरूमावशींनी आमच्याकडून लिटरभर तेल नेलं आणि समोरच्या धान्यवाल्याच्या काट्यावर ठेवलं. किटलीचं वजन सोडून भरलं नऊशे दहा. मावशी दहा-बारा माणसं घेऊनच परतल्या.

"अण्णा, काटा मारायला कधीपासून लागले हो?"

अण्णांचा चेहरा उतरला. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली.

पण अण्णा डगमगले नाहीत. त्यांनी लिटरचं माप घासून पुसून कोरडं केलं. माठातलं पाणी त्यात काठोकाठ भरलं, रिकाम्या पातेल्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर काट्यावर ठेवलं. पातेल्याचं वजन सोडून बरोबर एक किलो!

"बघा मावशी. माप कमी असतं तर पाणीबी कमीच भरलं असतं ना? तेल पाण्याहून हलकं असतंय."

गर्दीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मावशींनी काट्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मग गर्दीकडे वळल्या.

"बघा रे बाबांनो! फुकटचं पाणी पुरं किलोभर देऊन राह्यले, अन् विकतचं तेल तेवढं कमी!"

मागून तिघं-चौघं एकदम म्हणाले, "मावशीचं बराबर हाय!"